हंगामाचे नाव आणि किनाऱ्याचा माल

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, म्हणजे उत्तरेस उरणपासून दक्षिणेस हरिहरेश्वरापर्यंत, मालाला हंगामाच्या नावाने ओळखण्याची रीत ऑनलाइन बाजारपेठा येण्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून रुळलेली होती. आगोटीची सुकट, नवा पांढरा कांदा, उन्हाळी वाळवण, पाडव्याचा आंबा ही त्या त्या मालाची चालू नावे होती, आणि त्या नावांतच तो माल केव्हा मिळेल, किती दिवस मिळेल आणि कशासाठी घ्यायचा हे गिऱ्हाइकाला कळत असे. आज याच मालाचे विक्रेते संगणकावर किंवा मोबाइलवर वस्तूची नोंद करताना शीर्षकात आणि वर्णनात प्रसंगोचित शब्द घालतात. या शब्दांना व्यापारी भाषेत ‘कीवर्ड’ म्हणतात. ग्राहक शोधपेटीत जे शब्द लिहील तेच नोंदीत असले तर वस्तू त्याच्या नजरेस पडण्याची शक्यता वाढते, एवढाच त्यामागचा साधा हिशेब असतो. या दोन रीती वरवर सारख्या दिसतात, परंतु हंगामाचे नाव ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो या प्रश्नावर त्यांच्यात मोठे अंतर पडले आहे, आणि या किनाऱ्याच्या व्यापाराचा इतिहास पाहिल्यावरच ते नीट ध्यानात येते.

पूर्वी हा अधिकार समुद्राकडे होता. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याची (‘रायगड’ हे नाव १९८१ पासूनचे) माहिती देणारा मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी येथील व्यापार मुख्यतः खाड्यांच्या तोंडाशी वसलेल्या बंदरांमधून चालत असे. भात आणि मीठ बाहेर जात असे, तर घाटावरून बैलांच्या पाठीवर माल उतरत असे आणि परतीच्या खेपेत तेच बैल मिठाच्या गोण्या घेऊन घाट चढत असत. पेण, नागोठणे, रोहा, रेवदंडा ही गावे या येण्याजाण्यावर वाढली. हा सारा व्यवहार पावसाळा सुरू झाला की आटोपत असे. समुद्र खवळल्यावर गलबते शाकारून किनाऱ्यावर ओढली जात, आणि पुढे ‘शेफर्ड’ या नावाने कोकणात ओळखल्या गेलेल्या आगबोटींनाही खुल्या समुद्रावरच्या फेऱ्या पावसाळ्यात थांबवाव्या लागत. गेटवे ते मांडवा या मार्गावरील लाँच आजही पावसाळ्यात बंद होतात; मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाल्यावर या बंदीची धार थोडी बोथट झाली, इतकेच.

समुद्र बंद होण्याआधी चार महिन्यांची शिदोरी घरात भरून ठेवण्याच्या लगबगीला आणि त्या दिवसांनाही कोकणात आगोट म्हणतात. मृग नक्षत्र लागते ते जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, आणि आगोटीची खरेदी त्याआधी उरकावी लागते. तांदूळ, मीठ, मसाला, कडवे वाल, लाकूडफाटा आणि छपरासाठी पेंढा यांच्या बरोबरीने या खरेदीत सर्वांत मोठा मान असतो तो सुक्या मासळीला. बांबूच्या मांडणीवर टांगून वाळवलेले बोंबील, खळ्यावर पसरून वाळवलेला जवळा, म्हणजेच सुकट, सोलून वाळवलेली कोळंबी म्हणजे सोडे, आणि वाकट्या, करंदी, खारा बांगडा हा माल अलिबाग, मुरूड, उरण, पेण येथील बाजारांत मे महिन्यात येतो तेव्हा विकणाऱ्या कोळणीला ‘पावसाळ्यासाठी घ्या’ असे निराळे सांगावे लागत नाही. मालाला हंगामाचे नाव मिळते ते हवामानामुळे. पाऊस पडू लागला की वाळवण थांबते, आणि त्या वर्षीचा आगोटीचा माल तेवढाच राहतो. ही टंचाई विक्रेत्याने रचलेली नसते, त्यामुळे ‘आगोटीची सुकट’ हे नाव घेताना अतिशयोक्तीला फारसा वाव उरत नसे.

मासळीच्या हंगामाचे दुसरे टोक म्हणजे नारळी पौर्णिमा, आणि येथे एक गुंतागुंत आहे. श्रावणातील पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटायच्या, ही कोळ्यांची परंपरा. दुसरीकडे पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीवरील शासकीय बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते, म्हणजे कायद्याचा समुद्र १ ऑगस्टला उघडतो. नारळी पौर्णिमा २०२३ मध्ये ३० ऑगस्टला आली आणि २०२४ मध्ये १९ ऑगस्टला, त्यामुळे कायद्याचा आणि रूढीचा दिवस यांत कधी अडीच तर कधी चार आठवड्यांचे अंतर पडते. त्यातच हे दिवस श्रावणाच्या आसपासचे. अनेक घरांत त्या महिन्यात मासळी वर्ज्य असते, त्यामुळे ताजी मासळी बाजारात येऊ लागते तेव्हाच गिऱ्हाईक रोडावते. म्हणून आषाढ अमावास्येच्या, म्हणजे गटारीच्या, आधीच्या आठवड्यात मागणी उसळते आणि श्रावण सरल्यावर पुन्हा चढते. मासळी घरपोच देणाऱ्या विक्रेत्यांच्या जाहिरातीत ‘गटारी स्पेशल’ हे शब्द दिसतात ते याच चढउतारामुळे. ही लय कोळणींना तोंडपाठ आहे, तर विक्रीच्या आकड्यांवरून ती शोधणाऱ्या यंत्रणेला दरवर्षी नव्याने शिकावी लागते, कारण इंग्रजी तारखेच्या कोष्टकात ती एका जागी राहत नाही.

अलिबाग तालुक्यातील पांढऱ्या कांद्याची गोष्ट थोडी वेगळी. भाताची कापणी झाल्यावर त्याच खाचरांतील ओलाव्यावर कार्ले, खंडाळे, सागाव, वाडगाव या आणि लगतच्या गावांत हा कांदा लावला जातो, आणि साधारण फेब्रुवारीपासून तो बाजारात येऊ लागतो. तिखटपणा कमी आणि चव गोडसर असल्यामुळे तो कच्चा खाल्ला जातो, आणि पातीच्या वेण्या घालून त्याच्या माळा करण्याच्या पद्धतीमुळे तो लांबूनही ओळखू येतो. १८८३ च्या गॅझेटियरातही त्याची नोंद आहे. उन्हाळ्यात अलिबागच्या रस्त्यांवर टांगलेल्या या माळाच त्याची जाहिरात असतात. परंतु नावाला किंमत येते तेव्हा नावाची चोरीही सुरू होते. इतर जिल्ह्यांतून आलेला पांढरा कांदा तशाच माळा करून ‘अलिबागचा’ म्हणून विकला जाऊ लागला. त्यावर उपाय म्हणून उत्पादकांनी भौगोलिक मानांकनाचा मार्ग धरला. एखाद्या वस्तूचे वैशिष्ट्य तिच्या प्रदेशाशी जोडलेले असल्याचे मान्य करून ते नाव त्या प्रदेशातील उत्पादकांनाच वापरू देणारी ही कायदेशीर नोंद असते. तिचा कायदा १९९९ चा असून तो सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. कोकणातील हापूसला ही नोंद २०१८ मध्ये मिळाली आणि तिच्या क्षेत्रात रायगडचाही समावेश झाला. अलिबागच्या कांद्याने ती त्यानंतर तीन-चार वर्षांत मिळवली. येथे कायद्याची मर्यादा लक्षात घेण्याजोगी आहे. ‘अलिबागचा’ या शब्दाला त्याने संरक्षण दिले, ‘नवा’ या शब्दाला दिले नाही. आणि ग्राहकाची फसगत जितकी पहिल्या शब्दाने होते तितकीच दुसऱ्याने होऊ शकते, कारण साठवलेला कांदा छायाचित्रात ओळखू येत नाही.

मालाला हंगामाच्या नावाने विकण्याची कला या किनाऱ्यावर पूर्णत्वास गेली असेल तर ती पेण येथे, गणेशमूर्तींच्या व्यवसायात. भोगावती नदीच्या काठावरचे हे गाव अंतोऱ्याच्या बंदरामुळे खाडीमार्गे मुंबईशी जोडलेले होते, आणि १८९३-९४ पासून लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिल्यावर मुंबई-पुण्याच्या वाढत्या मागणीला जवळचा पुरवठा करणारे केंद्र म्हणून त्याचे महत्त्व वाढत गेले. आता हा धंदा गावाबाहेर हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे अशा खेड्यांत पसरला आहे, आणि तेथे मूर्तिशाळेला सरळ ‘कारखाना’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाडू मातीच्या जोडीला प्लास्टर ऑफ पॅरिस आणि रबरी साचे आले, त्यामुळे एकच मूर्ती हजारोंच्या संख्येने काढणे शक्य झाले. साच्यातून काढलेल्या, न रंगवलेल्या ‘कच्च्या’ मूर्ती राज्यभरातील रंगारी घेऊन जाऊ लागले, तर पेणच्या स्वतःच्या कारागिरांची ख्याती डोळ्यांच्या आखणीवर टिकून राहिली.

साच्यांबरोबर मूर्तींना नावे आली, आणि ही नावे म्हणजे ऑनलाइन कीवर्डचे सर्वांत जवळचे पूर्वज होत. घरगुती गणपती घेणारा माणूस पूर्वी उंची सांगे आणि फार तर आसन सांगे. नंतर तो लालबाग, दगडूशेठ, चिंतामणी अशी नावे घेऊन मूर्ती मागू लागला, म्हणजे एका प्रसिद्ध सार्वजनिक मूर्तीचे नाव तिच्या लहान प्रतिकृतींचे वर्गनाम झाले. यापुढची पायरी अधिक तात्कालिक होती. मे २०१४ मध्ये ‘जय मल्हार’ ही मालिका सुरू झाली आणि खंडोबाच्या वेषातील गणपती कारखान्यांत दिसू लागले. जुलै २०१५ मध्ये ‘बाहुबली’ चित्रपट आल्यावर त्या नायकाच्या पवित्र्यातील गणपती घडले. या प्रकाराबद्दल नाक मुरडणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे सौंदर्यविषयक आक्षेप सहज खोडून काढता येण्यासारखे नाहीत. मात्र व्यापाराच्या दृष्टीने पाहिल्यास कारागिराने येथे फार मोठी जोखीम पत्करलेली असते. साचा करायचा, माल काढायचा, रंगवायचा आणि मुंबईला पाठवायचा, यात महिने जातात. तेवढ्या अवधीत मालिकेची लोकप्रियता ओसरली तर गोदामात उरलेला मल्हारी पुढच्या वर्षी कोणी घेत नाही. प्रसंगोचित नावाचा फायदा आणि त्याचे आयुष्य यांचे हे व्यस्त प्रमाण पेणकरांना शोधयंत्रांनी शिकवावे लागले नाही.

पेणच्या कामाचे वेळापत्रकही असेच आगाऊ चालते. दसरा-दिवाळी झाली की पुढच्या भाद्रपदाची तयारी सुरू होते. परदेशस्थ मराठी कुटुंबांसाठी जाणाऱ्या मूर्तींना तर समुद्रमार्गे अनेक आठवडे लागत असल्यामुळे त्या ऐन उन्हाळ्यातच पेट्यांत बंद होतात. ज्या उरण तालुक्याने एके काळी खाडीबंदरांचे आणि मिठागरांचे वैभव पाहिले, त्याच तालुक्यातील न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराने ही निर्यात सोपी केली. ग्राहकाच्या मनात सण येण्याच्या पाच-सहा महिने आधी कारखान्यात सण येऊन गेलेला असतो.

सणाच्या तारखा घरोघरी पोहोचवण्याचे काम छापील साधनांनी केले. तिथी सांगण्यासाठी उपाध्याय घरी येत असे तेव्हा हंगाम गावापुरता होता. छापील पंचांगांनी आणि विशेषतः १९७३ पासून निघू लागलेल्या ‘कालनिर्णय’ने तो भिंतीवर टांगला, आणि सण व इंग्रजी तारीख एकाच चौकटीत दिसू लागल्यामुळे दुकानदाराला खरेदीचे आणि जाहिरातीचे दिवस आगाऊ आखता येऊ लागले. अलिबागहून निघणाऱ्या ‘कृषीवल’सारख्या (स्थापना १९३७) स्थानिक पत्रांतील जाहिरातींचा रोखही सणावारांकडेच असे. तरीही या जाहिरातीत एक सोय होती: अंक जुना झाला की जाहिरात आपोआप शिळी होई, आणि ती शिळी आहे हे अंकाची तारीख सांगे.

ऑनलाइन नोंदीत ही सोय उरली नाही. फ्लिपकार्ट २००७ मध्ये आणि अॅमेझॉनची भारतीय बाजारपेठ २०१३ मध्ये सुरू झाली. त्यांच्या मांडणीत एका वस्तूचे एक पान असते आणि ते वर्षानुवर्षे तसेच राहते. त्या पानावर साठलेली विक्री, ग्राहकांचे अभिप्राय आणि गुण यांच्या बळावर ते शोधात वर येते. त्यामुळे दर हंगामाला नवे पान करणे तोट्याचे ठरते आणि अनुभवी विक्रेता पान तेच ठेवून त्यावरचे शब्द बदलतो. तोच पितळी दिवा आषाढात दीप अमावास्येसाठी, भाद्रपदात गणपतीच्या आरासीसाठी आणि आश्विनात दिवाळीसाठी असतो. यात खोटे काही नाही, कारण दिवा तिन्ही प्रसंगी लागतोच. अडचण होते ती शब्द बदलायचे राहून जातात तेव्हा, आणि मार्गशीर्षात एखादी वस्तू ‘गणेशोत्सव विशेष’ म्हणून मिरवत राहते तेव्हा. शोधशब्दांच्या राखीव रकान्यात ‘नवीन’ किंवा ‘सध्या सवलतीत’ अशी तात्पुरती विधाने घालू नयेत, असा नियम अॅमेझॉनने विक्रेत्यांना घालून दिला आहे तो यामुळेच: माल जुना झाला तरी शब्द तेथेच राहतो. कांद्याच्या माळेला असा नियम लावण्याची गरज कधी पडली नव्हती.

दुसरी अडचण तिथींची. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. म्हणजे मागील वर्षीच्या तारखांवरून यंदाचा अंदाज बांधणारा विक्रेता अकरा-बारा दिवस मागे पडतो, आणि अधिक महिना येऊन गेला तर उलट दिशेने चुकतो. त्यातून ग्राहक महाराष्ट्राबाहेरचा असेल तर आणखी एक फरक लक्षात घ्यावा लागतो. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, या पद्धतीला अमान्त म्हणतात; उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो, ती पूर्णिमान्त पद्धत. परिणामी उत्तरेचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, आणि उपवासाचा किंवा पूजेचा माल देशभर विकणाऱ्याने ‘श्रावण’ हा शब्द मराठी कालगणनेप्रमाणे नोंदीत घातला तर निम्मा हंगाम हातचा जातो. गावच्या बाजारात हा प्रश्न उद्भवतच नव्हता, कारण विकणारा आणि घेणारा एकाच पंचांगात राहत होते.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठीतून व्यवहार करण्याची सोय मोठ्या संकेतस्थळांवर उशिरा, राजकीय आंदोलनानंतर आली; अॅमेझॉनवर ती २०२१ मध्ये उपलब्ध झाली. तोपर्यंत विक्रेत्यांना इंग्रजीतून किंवा रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीतून नोंदी करण्याची सवय लागलेली होती, आणि अजूनही बरेच ग्राहक ‘गणपती’, ‘सुकट’, ‘पोह्याचे पापड’ हे शब्द रोमन अक्षरांत, प्रत्येक जण वेगळ्या वळणाने, टंकतात. साहजिकच शब्दांची निवड अर्थावरून न होता वारंवारतेवरून होते. पेणची गृहिणी ज्याला मिरगुंड म्हणते त्याच्या नोंदीत आधी ‘पापड’ हा शब्द येतो, करंदी आणि जवळा यांतला फरक ‘सुकी कोळंबी’त बुडतो, आणि आगोट हा शब्द तर शीर्षकात जवळपास दिसतच नाही, कारण पुण्याचा किंवा बंगळुरूचा ग्राहक तो शोधपेटीत लिहीत नाही; तो ‘मान्सून’ लिहितो. विक्रेत्याला यासाठी दोष देता येणार नाही. पण जे नाव या किनाऱ्यावर हंगामाचा पुरावा होते तेच विक्रीच्या नोंदीतून गळून पडावे, ही या स्थित्यंतराची खरी किंमत आहे.

२०२० हे वर्ष या किनाऱ्याला ऑनलाइन विक्रीकडे ढकलणारे ठरले. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा आंब्याचा हंगाम तोंडावर होता आणि अनेक बागायतदारांनी समाजमाध्यमांवरून थेट गिऱ्हाईक गाठले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन परिसरातील नारळ-सुपारीच्या बागा, ज्यांत तेथील प्रसिद्ध रोठा सुपारीही होती, जमीनदोस्त झाल्या. आणि त्याच पावसाळ्यात शासनाने सार्वजनिक मूर्तींसाठी चार फुटांची आणि घरगुती मूर्तींसाठी दोन फुटांची उंचीमर्यादा घातली. मोठ्या मूर्तींचे साचे अडगळीत पडले आणि लहान मूर्तींना उठाव आला. शासनाच्या आदेशातला आकडा विक्रीचा शब्द होण्याची ही बहुधा सर्वांत जलद उदाहरणे असतील.

‘शाडूची’ आणि ‘पर्यावरणपूरक’ या शब्दांचा प्रवासही असाच शासकीय आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढून प्लास्टरच्या मूर्तींना मज्जाव केला. अंमलबजावणी पुढे ढकलली जात राहिली, न्यायालयात वाद झाले, आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवण्यास मुभा देऊन नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जनाचा प्रश्न वेगळा ठेवला. या साऱ्या काळात पेणच्या कारागिराला साहित्य कोणते वापरायचे याच्या जोडीला ते कोणत्या नावाने विकायचे याचाही निर्णय सण उजाडण्याच्या आठ महिने आधी करावा लागला. शाडू माती, जी मुख्यतः गुजरातेतून येते, महाग असते, सावकाश वाळते आणि वाहतुकीत तडकते. त्यामुळे ‘शाडू’ या शब्दाला मागणी असूनही तो शब्द खरा करून दाखवणे सोपे नसते, आणि माल न पाहता घेणाऱ्या ग्राहकाला रंगाखालची माती कोणती हे ओळखण्याचे साधनही नसते.

अलीकडे माघातील गणेशजयंतीलाही मूर्ती आणण्याचे प्रमाण वाढल्यामुळे पेणला वर्षात दुसरा, लहान हंगाम मिळाला आहे. २०२६ मध्ये ही जयंती २२ जानेवारीला येते. त्यानंतर मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ पडतो आणि भाद्रपदातील चतुर्थी १४ सप्टेंबरपर्यंत पुढे सरकते. ऑगस्टच्या अखेरीस संपलेल्या मागील हंगामाच्या आकड्यांवर विसंबणारी यंत्रणा जुलैतच गणपतीचे शब्द वर आणू लागेल, तर हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत रंगकामाला त्या वर्षी अठरा दिवस जास्त मिळतील, ही गोष्ट तेथे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून आदल्या दिवाळीलाच ठाऊक झालेली असते.